एका परिच्छेदात मावलेला माणूस

इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या आपल्याकडच्या अनेक अभ्यासक्रमांत एक प्रश्न वर्षानुवर्षं फिरतोय : ओकोन्क्वो हा ट्रॅजिक हीरो आहे का? ओकोन्क्वो म्हणजे नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या १९५८ सालच्या कादंबरीचा नायक. उत्तर ठरलेलं असतं. अ‍ॅरिस्टॉटलची यादी काढायची. नायक मोठा माणूस हवा? आहे. त्याच्यात एक दोष हवा? आहे, अहंकार. त्याचं पतन हवं? आहे. वाचकाला करुणा आणि भीती वाटायला हवी? वाटते. चार टिकमार्क, दहापैकी सात मार्क.

हे उत्तर चूक नाही. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो पेपरात येत नाही. ट्रॅजिक हीरो होण्याचा हक्क कुणाला असतो? कुणाचं मरण शोकांतिका ठरतं आणि कुणाचं नुसतीच नोंद? अचेबेंनी ही कादंबरी लिहिली तेव्हा हा प्रश्न अगदी खरा होता. त्यामुळे ओकोन्क्वोला ट्रॅजिक हीरो म्हणणं ही त्या काळात एक ठाम भूमिका होती. ती समजून घ्यायची तर आधी अ‍ॅरिस्टॉटलकडे, मग नायजर नदीच्या काठी जायला हवं.

(कादंबरीचा शेवट पुढे येणार आहे. वाचायची राहिली असेल तरी हरकत नाही. ग्रीक प्रेक्षकांनाही शेवट आधीच ठाऊक असायचा.)

यादी नेमकी कुणाची?

‘पोएटिक्स’ हे अ‍ॅरिस्टॉटलचं पुस्तक इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. विंदा करंदीकरांनी ते मराठीत आणलं. पुस्तक लहान आहे, तुटक आहे, वर्गात शिकवायला काढलेल्या टिपणांसारखं. गंमत म्हणजे ‘ट्रॅजिक हीरो’ हा शब्दप्रयोग त्यात नाही. अ‍ॅरिस्टॉटलला माणसापेक्षा कथानकात जास्त रस आहे. कथानक हा तो शोकात्म नाटकाचा प्राण मानतो. माणूस कसा आहे याच्याआधी त्याने काय केलं, हे तो विचारतो.

तेराव्या प्रकरणात तो पर्याय एकेक करून बाद करत जातो. अत्यंत सज्जन माणूस देशोधडीला लागला, तर आपल्याला करुणा वाटत नाही, किळस येते. दुष्टाची भरभराट झाली, तर त्यात शोकात्म काहीच नाही. दुष्ट माणूस बुडाला, तर समाधान वाटेल, पण करुणा आणि भीती नाही वाटणार. उरतो तो मधला माणूस. फार थोर नाही, नीचही नाही, मान-मरातब असलेला, आणि दुष्टपणामुळे नव्हे तर एका ‘हमार्तिया’मुळे कोसळणारा. उदाहरण म्हणून तो ईडिपसचं नाव घेतो.

या ‘हमार्तिया’चा आपण फार सोपा अर्थ लावतो. ‘ट्रॅजिक फ्लॉ’, म्हणजे स्वभावातला दोष, असं गाइडमध्ये छापलेलं असतं. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ मात्र नेम चुकणं असा आहे, धनुष्यातून सुटलेला बाण लक्ष्याला न लागणं. दोष माणसाच्या आत पडून असतो, नेम मात्र एखाद्या क्षणी, काहीतरी करताना चुकतो. नेम चुकायला आधी माणसाने बाण उचलायला हवा.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवू. ‘पेरिपेतेइया’ म्हणजे उलटापालट : माणूस एक साधायला जातो आणि घडतं नेमकं उलटं. ‘अनाग्नोरिसिस’ म्हणजे उमज : जे ठाऊक नव्हतं ते लख्ख कळण्याचा क्षण.

आणि एक गोष्ट, जी टिपणांत सहसा येत नाही. पंधराव्या प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की स्त्रीचं किंवा गुलामाचं पात्रही चांगलं असू शकतं. पण स्त्री हीन दर्जाची आणि गुलाम तर अगदीच क्षुद्र, हेही तो जाता जाता सांगून टाकतो. म्हणजे ही यादी जन्मली तेव्हाच तिच्या दारावर पहारा होता. कोसळण्यासाठी आधी उंचीवर असावं लागतं आणि उंचीवर कोण असू शकतं, हे समाज ठरवतो.

आठशे यामचं बियाणं

ओकोन्क्वो राजा नाही. तो राहतो ते उमुओफिया हा नऊ वाड्यांचा इग्बो समाज. इथे राजाच नाही. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या बहुतेक इग्बो गावांत सत्ता सिंहासनावर नसायची. ती ज्येष्ठांच्या बैठकीत, मानाच्या पदव्या मिळवलेल्या माणसांत, मुखवटा घालून न्याय देणाऱ्या पूर्वजांच्या आत्म्यांत आणि देवतांच्या पुजाऱ्यांत वाटलेली असायची. पदवी जन्माने मिळत नसे, कमवावी लागे. माणसाची किंमत त्याच्या बापावरून नव्हे, त्याच्या स्वतःच्या कर्तबगारीवरून होते, हे उमुओफियाचं तत्त्व.

ओकोन्क्वोला हे तत्त्व जगण्याची दोरी वाटतं, कारण त्याचा बाप उनोका गावात हसण्यावारी नेलेला माणूस आहे. बासरी उत्तम वाजवतो, ताडी पितो, गावभर उधारी करतो आणि रक्त पाहिलं की त्याला कसंतरी होतं. त्याच्याकडे एकही पदवी नाही. अशा बापाचा मुलगा अठराव्या वर्षी, सात वर्षं अजिंक्य असलेल्या अमालिंझे नावाच्या मल्लाला चीतपट करतो आणि पंचक्रोशीत त्याचं नाव होतं.

पण कुस्तीवर घर चालत नाही. तिथे पुरुषाची पत यामवर ठरते. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. घरात बियाणं नाही म्हणून ओकोन्क्वो न्वाकिबी या धनिक शेतकऱ्याकडे जातो आणि आठशे यामचं बियाणं वाट्याने घेतो. पिकाचा तिसरा हिस्सा फक्त त्याचा. त्याच वर्षी आधी दुष्काळ पडतो आणि मग पाऊस थांबतच नाही. एक शेतकरी झाडाला गळफास घेतो. ओकोन्क्वो तगतो. त्यानंतर आयुष्यभर तो स्वतःला बजावत राहतो की त्या वर्षाने मारलं नाही, तर आता काहीच मारू शकणार नाही.

इथे अ‍ॅरिस्टॉटलच्या यादीतल्या पहिल्या टिकमार्कचा अर्थ बदलतो. ईडिपस राजा आहे, त्याला उंचीची सवय आहे. ओकोन्क्वो दोन हातांनी वर चढलाय. चढून गेलेल्या माणसाला खाली काय आहे हे पक्कं ठाऊक असतं. त्याच्या सगळ्या रागाच्या मुळाशी ही भीती आहे, आपण उनोका ठरू ही. त्याला कोमल, संथ, बायकी वाटणारं सगळं तो तुडवतो, कारण त्यात त्याला बाप दिसतो.

बापापासून पळताना

मग नेम चुकत जातो. एकदा नाही, अनेकदा.

शेजारच्या एका गावाने उमुओफियाच्या बाईला मारलं, म्हणून भरपाईदाखल इकेमेफुना नावाचा मुलगा मिळतो आणि तो ओकोन्क्वोच्या घरी राहतो. तीन वर्षांत तो घरचाच होतो. ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये त्याला भाऊ मानतो, इकेमेफुना ओकोन्क्वोला बाप म्हणतो. मग देवतेचा कौल येतो : मुलाला मारा. गावातला सगळ्यात वृद्ध माणूस, एझेउडू, मुद्दाम येऊन ओकोन्क्वोला सांगतो की गाव काय करायचं ते करेल, पोर तुला बाप म्हणतं, तू हात लावू नकोस. पण रानात पहिला वार दुसऱ्याने केल्यावर मुलगा ‘बाबा’ म्हणत ओकोन्क्वोकडेच धावत येतो आणि ओकोन्क्वो कोयता चालवतो. लोक भित्रा म्हणतील, एवढंच कारण.

त्याला कुणी भाग पाडलेलं नव्हतं. गावाच्या रीतीने त्याला बाजूला राहण्याची पूर्ण मुभा होती. त्याचा मित्र ओबिएरिका राहिलाही होता. म्हणून हा खरा हमार्तिया. ओकोन्क्वो इथे रूढीचा आंधळा गुलाम नाही. तो रूढीपेक्षा कडक व्हायला गेलाय.

पुढे त्याच एझेउडूच्या अंत्यविधीत ओकोन्क्वोची बंदूक फुटते आणि एझेउडूचा सोळा वर्षांचा मुलगा मरतो. हा निव्वळ अपघात. तरीही भूमातेचा अपराध घडला, म्हणून त्याला सात वर्षं आईच्या गावी, म्बांताला, हद्दपार व्हावं लागतं. दुसऱ्या दिवशी गावकरी, त्यात ओबिएरिकाही, त्याचं घर जाळतात. मनात राग नसतो, फक्त भूमी शुद्ध करायची असते. नकळत झालेल्या हत्येने भूमी विटाळते आणि तिला शुद्ध करायला माणसाला बाहेर जावं लागतं, ही कल्पना सोफोक्लीसच्या अथेन्समधल्या प्रेक्षकाला जराही परकी वाटली नसती. ईडिपसच्या थीब्ज नगरीत रोगराई येते ती याच कारणाने.

ईडिपसशी असलेलं नातं याहून खोल आहे. बापाला मारशील, हे भाकीत टाळायला ईडिपस घर सोडून पळतो आणि पळता पळताच वाटेत खऱ्या बापाला मारतो. ओकोन्क्वो सगळं आयुष्य बापासारखं न होण्यात घालवतो. उनोका पोट आणि हातपाय सुजण्याच्या रोगाने मेला. तो रोग भूमातेला अपवित्र, म्हणून त्याला मूठमाती मिळाली नाही. जिवंतपणीच त्याला शापित रानात नेऊन सोडलं. जाताना त्याने बासरी नेली होती. शेवटी ओकोन्क्वो गळफास घेतो. आत्महत्याही भूमातेचा अपराध, त्यामुळे त्याचेच भाऊबंद त्याला हात लावू शकत नाहीत, परक्यांना बोलवावं लागतं. बापलेकांत काही साम्य नव्हतं, पण दोघांनाही आपल्या माणसांच्या हातची माती मिळाली नाही. पेरिपेतेइया ती हीच.

सायकलवरून आलेला माणूस

इथपर्यंत ही एका माणसाची गोष्ट वाटते. पण ओकोन्क्वो हद्दपारीत असताना बाहेर इतिहास चालत येत होता.

नायजर नदीकाठच्या ओनित्शाला चर्च मिशनरी सोसायटीचं पहिलं ठाणं १८५७ साली पडलं. १८८६ मध्ये रॉयल नायजर कंपनीला ब्रिटिश सरकारची सनद मिळाली आणि व्यापारी कंपनीच राज्य करू लागली. ही पद्धत आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. १ जानेवारी १९०० ला सदर्न नायजेरिया हा संरक्षित प्रदेश जाहीर झाला. १९०१-०२ मध्ये अरो लोकांवर मोठी लष्करी मोहीम निघाली. १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये डॉ. स्ट्युअर्ट नावाचा इंग्रज सायकलवरून जाताना वाट चुकला आणि अहियारा भागात मारला गेला. त्यानंतर त्या सगळ्या टापूवर सूड उगवणारी फौज फिरली.

कादंबरीत साल दिलेलं नाही, पण अबामे नावाच्या गावाची हकीकत येते. तिथे एक गोरा ‘लोखंडी घोड्या’वरून येतो. लोक त्याला मारतात आणि घोडा पळून जाऊ नये म्हणून झाडाला बांधून ठेवतात. काही आठवड्यांनी, भर बाजाराच्या दिवशी, फौज येते आणि बाजारातल्या माणसांना गोळ्या घालते. ही हकीकत अहियाराच्या घटनेवर बेतलेली आहे, असं अभ्यासक मानतात. अबामेची बातमी ओकोन्क्वोपर्यंत ओबिएरिका आणतो. मूर्ख होते, हत्यार घेऊन बाजारात जायला हवं होतं, असं ओकोन्क्वो म्हणतो. त्याला फक्त धैर्य दिसतं. बंदुकांचा हिशोब दिसत नाही.

राजा नसलेल्या समाजावर राज्य कसं करायचं, हा ब्रिटिशांपुढचा पेच होता. त्यांनी तो सोपा करून टाकला. नेटिव्ह कोर्ट काढली, कागदावर सही करून ‘वॉरंट चीफ’ नेमले, हुकूम पोचवायला शिपाई ठेवले. ज्याला गावात कुणी विचारत नव्हतं, तो एका कागदाने मुखिया झाला. लोक हे मुकाट सोसत राहिले असं नाही. नायजरच्या पश्चिमेला ‘एकुमेकु’ हा गुप्त लढा बरीच वर्षं धुमसला. १९२९ मध्ये, आता बायकांवरही कर बसणार या संशयावरून, हजारो इग्बो आणि शेजारच्या समाजांतल्या स्त्रिया वॉरंट चीफांच्या विरोधात उठल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया गेल्या. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १९३० ला, ओगिडी या गावच्या एका ख्रिस्ती धर्मशिक्षकाच्या घरी अचेबेंचा जन्म झाला.

गाव का उठलं नाही

कादंबरीच्या शेवटी डिस्ट्रिक्ट कमिशनर उमुओफियाच्या सहा पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून बोलावतो आणि बेड्या घालतो. कोठडीत शिपाई त्यांची डोकी भादरतात. दंड ठरतो कवड्यांच्या दोनशे थैल्या. शिपाई गावाला अडीचशे सांगतात आणि वरच्या पन्नास मधल्यामध्ये खातात. त्या सहांत ओकोन्क्वो आहे. सुटल्यावर गावाची सभा भरते. ती थांबवायला पाच शिपाई येतात. ओकोन्क्वो पुढे होतो आणि मुख्य शिपायाचं डोकं उडवतो.

आणि मग काहीच होत नाही. उरलेल्या शिपायांना लोक जाऊ देतात. गर्दीतून आवाज येतो : याने असं का केलं? ओकोन्क्वो कोयता वाळूत पुसतो आणि निघून जातो.

अनाग्नोरिसिसचा क्षण हाच. पण त्याला उमजतं काय? ईडिपसला कळतं की आपण कोण आहोत. ओकोन्क्वोला कळतं की आपलं गाव आता कोण आहे. स्वतःबद्दल त्याला शेवटपर्यंत काही कळत नाही, किंवा कळलं तरी अचेबे आपल्याला ते सांगत नाहीत. यादीतला हा टिकमार्क अर्धाच राहतो.

गाव भित्रं झालं म्हणून उठलं नाही, असं ओकोन्क्वोला वाटतं. कादंबरी याला दुजोरा देत नाही. गोऱ्यांच्या दुकानामुळे पाम तेलाला भाव आला होता, गावात पैसा येत होता. अबामेचं काय झालं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सगळ्यात मोठं कारण ओबिएरिकाने आधीच सांगितलं होतं : गोरे दोघेच आहेत, त्यांना हाकलणं सोपं, पण आपलीच माणसं त्यांच्यात गेलीत, त्यांचं काय करायचं?

ती का गेली? ज्या बाईची जुळी मुलं जन्मल्याबरोबर प्रत्येक वेळी रानात टाकली गेली, ती चर्चमध्ये गेली. ‘ओसू’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य ठेवलेले लोक गेले. न्वोये गेला, कारण रानात रडणारी ती जुळी आणि परत न आलेला इकेमेफुना, या दोन्ही गोष्टी त्याच्या मनात सलत होत्या आणि त्याच्या गावाकडे त्यावर उत्तर नव्हतं. चर्चच्या प्रार्थनेत त्याला तर्क सापडला नाही, ओलावा सापडला. ज्यांना गावाने आधीच काठावर लोटलं होतं, ते पहिल्यांदा पलीकडे गेले.

म्हणजे हमार्तिया एकट्या ओकोन्क्वोचा नाही, उमुओफियाचाही आहे. दोघांनीही आपलं मऊ, दुबळं, नकोसं वाटणारं अंग कापून टाकलं आणि फट पडली ती नेमकी तिथे.

पण इथे सावध राहायला हवं. सगळा दोष स्वभावावर आणि रूढीवर टाकला की साम्राज्य सुटतं. गाव आतूनच पोखरलेलं होतं, आम्ही नुसता धक्का दिला, असं कोणताही कमिशनर आनंदाने म्हणेल. उलट सगळा दोष बंदुकांवर टाकला, तर ओकोन्क्वो बिचारा होतो, वाटेत सापडून चिरडला गेलेला. बिचाऱ्याची दया येते, पण त्याने काही केलेलं नसतं. तो ट्रॅजिक हीरो होऊ शकत नाही. अचेबे दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवतात. आक्रमण अन्यायी होतं आणि ओकोन्क्वो त्याच्या कृत्यांना जबाबदार होता. जबाबदार धरणं हाही एक प्रकारचा मानच असतो. रानटी आणि बिचारा या दोघांनाही तो मान मिळत नाही.

एजॅक्सला माती मिळाली

परीक्षेत ओकोन्क्वोची तुलना ईडिपसशी होते, पण मला त्याचा खरा ग्रीक भाऊ वेगळाच वाटतो : सोफोक्लीसच्याच ‘एजॅक्स’ नाटकाचा नायक. एजॅक्स हा ट्रॉयच्या युद्धातला दांडगा योद्धा. अकिलीसची शस्त्रं आपल्याला मिळतील असं त्याला वाटतं. ती मिळतात बोलक्या, धोरणी ओडिसियसला. अपमानाने पेटलेला एजॅक्स सेनापतींना मारायला निघतो, देवी अथीना त्याला भ्रमात टाकते आणि तो गुराढोरांची कत्तल करतो. भानावर आल्यावर लाज सहन न होऊन तो स्वतःच्या तलवारीवर झोकून देतो.

आता गंमत पाहा. नायक नाटकाच्या मध्यातच मरतो. उरलेलं नाटक एकाच वादावर चालतं : याला अंत्यसंस्कार मिळावेत की नाही? राजे म्हणतात, नाही, गिधाडांना टाका. सावत्र भाऊ ट्यूसर प्रेताशेजारी ठाण मांडून बसतो. आणि शेवटी ज्याच्यामुळे हे सगळं घडलं, तो शत्रू ओडिसियस पुढे येऊन म्हणतो की मी याचा द्वेष करत होतो, पण हा मोठा माणूस होता, याला माती द्या.

ओकोन्क्वोच्या गोष्टीत ट्यूसर आहे, ओबिएरिका. राजाही आहे, डिस्ट्रिक्ट कमिशनर. नाही तो ओडिसियस. मेलेल्या शत्रूचा मोठेपणा ओळखणारा विजेता इथे नाही. कमिशनर प्रेताकडे पाहतो तो अभ्यासकाच्या कुतूहलाने. तो एक पुस्तक लिहितोय, नायजरकाठच्या ‘आदिम’ जमातींना ‘शांत’ कसं केलं यावर. शिपायाला मारून गळफास घेणाऱ्या माणसाची हकीकत वाचनीय होईल, असं त्याच्या मनात येतं. एक प्रकरण? नको, एवढं नको. एक बऱ्यापैकी परिच्छेद पुरे. बाकीचा बराच मजकूर आहे, काटछाट करावी लागते.

ज्या माणसासाठी आपण पंचवीस प्रकरणं वाचली, त्याला एक परिच्छेद.

कागदावरचा हक्क

असे परिच्छेद खरोखर लिहिले जात होते. अधिकारी आणि मिशनरी यांच्या पुस्तकांत जमाती असत, चालीरीती असत, माणूस क्वचितच असे. कादंबऱ्यांतही फार वेगळं नव्हतं. इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अचेबे वैद्यकीय शिक्षण सोडून साहित्याकडे वळले, तेव्हा अभ्यासाला जॉइस कॅरी यांची ‘मिस्टर जॉन्सन’ (१९३९) होती. कॅरी नायजेरियात अधिकारी होते. त्यांचा जॉन्सन हा सदा हसणारा, पैसे उधळणारा, भाबडा कारकून. शेवटी त्याला फाशी होणार असते, तर तो आपल्या लाडक्या गोऱ्या साहेबालाच विनवतो की तुम्हीच गोळी घाला. साहेब घालतो, आणि वाचकाचं लक्ष जातं ते साहेबाच्या मनावरच्या ओझ्याकडे. मरतो आफ्रिकन, शोकांतिका गोऱ्याची. जॉन्सनला गोळी लागते तो क्षण आपल्याला सगळ्यात आवडला, असं अचेबेंच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने इंग्रज प्राध्यापकाला सुनावलं होतं. पुढे १९७५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या व्याख्यानात अचेबेंनी जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’बद्दल हीच तक्रार मांडली. एका युरोपियनाचं मन ढासळताना दाखवायला अख्खा खंड नुसता पडदा म्हणून वापरला जातो.

या पार्श्वभूमीवर अचेबेंनी काय केलं ते पाहा. त्यांनी इग्बो समाजाला सोन्याचा मुलामा दिला नाही. जुळी, ओसू, इकेमेफुना, बायकांना होणारी मारहाण, सगळं मांडलं. आपला भूतकाळ दोषांसकट का होईना, म्हणजे निव्वळ रानटीपणाची लांबलचक रात्र नव्हती, एवढं वाचकाला पटलं तरी पुरे, अशा आशयाचं त्यांनी नंतर लिहिलं. ट्रॅजिक हीरोचा साचा या कामाला अचूक बसतो, कारण तो साचा निर्दोष माणूस मागतच नाही. तो मागतो दोष असलेला, मोठा आणि जबाबदार माणूस.

हे पुस्तक छापलं जाईल की नाही, हेही शेवटपर्यंत नक्की नव्हतं. अचेबेंनी हस्तलिखित टाइप करायला लंडनच्या एका संस्थेकडे टपालाने पाठवलं. त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. पैसेही पाठवले. कित्येक महिने उत्तर नाही. शेवटी नभोवाणीतल्या त्यांच्या वरिष्ठ अधिकारी रजेवर लंडनला गेल्या असता थेट त्या ऑफिसात जाऊन धडकल्या, तेव्हा काम झालं. १७ जून १९५८ ला हाइनमान प्रकाशनाने फक्त दोन हजार प्रती काढल्या. नायजेरिया स्वतंत्र व्हायला अजून दोन वर्षं होती.

स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९६० मध्ये, अचेबेंची दुसरी कादंबरी आली, ‘नो लॉंगर अ‍ॅट ईझ’. तिचा नायक ओबी हा ओकोन्क्वोचा नातू, न्वोयेचा मुलगा, इंग्लंडहून शिकून आलेला. नोकरीच्या मुलाखतीत शोकांतिकेवर बोलताना तो जे म्हणतो, ते जणू आजोबांच्या गोष्टीलाच उलटून दिलेलं उत्तर आहे. नायकाच्या मरणाने संपणारी शोकांतिका फार सोपी, असं त्याचं मत. आपल्या भावना धुऊन निघतात आणि आपण मोकळे होतो. खरी शोकांतिका कुठेतरी कोपऱ्यात, अस्ताव्यस्त जागी चालू असते, संपत नाही, आणि जगाला तिचा पत्ताही नसतो. पुढे ओबी स्वतः लाच घेताना पकडला जातो. कुणी गळफास घेत नाही. कुणाचं डोकं उडत नाही.

ओबीचं म्हणणं मान्य केलं तरी त्याच्या आजोबांच्या गोष्टीत एक गोष्ट अशी आहे, जी धुऊन निघत नाही. ग्रीक नाटकाच्या शेवटी कोरस बोलतो. जे घडलं त्याचा अर्थ गावाच्या वतीने सांगतो. इथे ते काम ओबिएरिकाचं. झाडाला लटकलेल्या मित्राकडे पाहत तो कमिशनरला सांगू लागतो की हा उमुओफियातल्या सगळ्यात मोठ्या माणसांपैकी एक होता, तुम्ही याला मरायला लावलंत, आणि आता याला कुत्र्यासारखं पुरतील. पुढे त्याला बोलवत नाही. आवाज कापतो, शब्द घशातच राहतात. तरीही एक शिपाई उगाचच त्याच्यावर खेकसतो, गप्प बस म्हणून.